रूह, नफ्स आणि मानवी जाणीव

कुराणाच्या १७ व्या सूरेतील ८५ वी आयत अगदी लहान आहे. लोक रूहविषयी विचारतात; त्यांना सांगावे की रूह ही परमेश्वराच्या ‘अम्र’पैकी आहे आणि ज्ञानाचा फार थोडा वाटा माणसांना मिळालेला आहे, असा तिचा आशय. प्रश्न कोणी विचारला याविषयी परंपरेत दोन वृत्तान्त आहेत. एकानुसार मदीनेतील ज्यूंनी तो पैगंबरांना विचारला. दुसऱ्यानुसार मक्केतील कुरैशांनी, ज्यूंच्या सांगण्यावरून, परीक्षा पाहण्यासाठी विचारला. वृत्तान्त कोणताही स्वीकारला तरी उत्तराचे स्वरूप विलक्षण आहे. ते रूहची व्याख्या करीत नाही. ती कोठून येते एवढेच सांगते आणि लगेच विचारणाऱ्याला त्याच्या ज्ञानाच्या मर्यादेची आठवण करून देते.

या आयतीचा अर्थ ‘येथे विचार थांबवा’ असा घ्यावयाचा की ‘येथून विचार सुरू करा’ असा, हा वाद हजार वर्षांहून जुना आहे. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत त्याला नवे महत्त्व आले. शरीरशास्त्र व मानसशास्त्र ही नवी शास्त्रे जाणिवेचा उगम मेंदूत शोधू लागली होती. मनुष्य म्हणजे त्याच्या मज्जातंतूंची बेरीज एवढेच असेल, तर नैतिक उत्तरदायित्व, मरणोत्तर न्याय आणि प्रार्थना यांचा आधार काय, असा प्रश्न शिकलेल्या मुसलमान तरुणाला पडू लागला. त्याला जुन्या ग्रंथांतील उत्तर पुरेसे वाटत नव्हते, आणि प्रश्न विचारणेच अयोग्य आहे हे उत्तर तर मुळीच नव्हे.

प्रथम शब्दांचा विचार केला पाहिजे, कारण या विषयातील निम्मे गैरसमज भाषांतरातून उत्पन्न होतात. रूह हा शब्द कुराणात सुमारे वीस-एकवीस वेळा येतो, आणि तो नेहमी एकवचनी असतो. वारा या अर्थाच्या ‘रीह’ या शब्दाशी त्याचे नाते आहे. कोठे तो वही, म्हणजे ईश्वरी संदेश, आणणाऱ्या देवदूताचा वाचक आहे; कोठे खुद्द त्या संदेशाचा. आदमच्या मातीच्या देहात ईश्वराने फुंकली ती रूह. मरियमच्या ठिकाणी फुंकली तीही रूह. श्रद्धावानांना ज्या सामर्थ्याने बळ दिले तीही रूह. मृत्यूच्या वेळी माणसातून जे काढून घेतले जाते त्याला मात्र कुराण रूह म्हणत नाही. तेथे शब्द येतो ‘नफ्स’. हा शब्द श्वासवाचक ‘नफस’चा सख्खा भाऊ असून त्याची विविध रूपे कुराणात शेकड्यांनी आढळतात. बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ ‘स्वतः’ किंवा ‘व्यक्ती’ इतका साधा आहे.

मराठी वाचकाने येथे एक सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. रूहसाठी आपल्याकडे सहजच ‘आत्मा’ हा शब्द योजला जातो. पण त्या शब्दाबरोबर अनादित्व, अविकारिता आणि ब्रह्माशी एकरूपता या कल्पना न बोलावता येतात. मुसलमान धर्मपंडितांच्या बहुमतानुसार रूह निर्माण केलेली आहे, ती ईश्वराचा अंश नव्हे. नफ्सला तर मराठीत ‘आत्म्या’पेक्षा ‘जीव’ हा शब्द अधिक जवळचा ठरेल. आपण जीव गेला म्हणतो, जीव लावला म्हणतो, चार जीवांचे पोट भरावयाचे आहे असेही म्हणतो. आणि दर वेळी प्राण, मन व व्यक्ती यांपैकी नेमके कोण अभिप्रेत आहे हे संदर्भावरून ओळखतो. नफ्सचेही तसेच आहे. म्हणून या लेखात रूह व नफ्स हे दोन्ही शब्द मूळ रूपातच ठेवले आहेत.

नफ्सच्या तीन अवस्था कुराणातील तीन निरनिराळ्या ठिकाणांवरून परंपरेने निश्चित केल्या: वाईटाकडे ओढणारा नफ्स, स्वतःला दोष देणारा नफ्स आणि शांत झालेला नफ्स. यांपैकी दुसरी अवस्था आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची आहे. जो स्वतःला दोष देऊ शकतो तो स्वतःकडे पाहू शकतो, आणि स्वतःकडे पाहू शकणे यालाच आपण आत्मजाणीव म्हणतो.

पुढे ग्रीक तत्त्वज्ञानाचे अरबीत भाषांतर झाले आणि या शब्दांवर एक नवी इमारत उभी राहिली. इब्न सीना (९८०–१०३७) याने एक प्रसिद्ध कल्पनाप्रयोग मांडला. समजा, एखादा मनुष्य एकदम पूर्णावस्थेत निर्माण झाला. तो पोकळीत तरंगत आहे. डोळ्यांवर आवरण आहे. त्याचे अवयव एकमेकांना स्पर्शही करीत नाहीत. त्याला देहाची वा जगाची काहीच वार्ता नसेल. तरीही ‘मी आहे’ हे तो निश्चयाने जाणेल, असे इब्न सीनाचे म्हणणे. मग हा ‘मी’ देहाहून वेगळा आहे. याच्या उलट टोकाला इब्न अल्-कय्यिम (१२९२–१३५०) याने रूहवरील आपल्या ग्रंथात रूह हे एक सूक्ष्म शरीरच मानले: गुलाबात पाणी, ऑलिव्हच्या फळात तेल किंवा निखाऱ्यात अग्नी असावा तसे देहभर पसरलेले. या दोहोंच्या दरम्यान गझाली (१०५८–११११) उभा होता. त्याने आपल्या ‘इह्या’ या महाग्रंथात हृदय, रूह, नफ्स आणि बुद्धी हे चार शब्द एकेक घेऊन प्रत्येकाचा एक शारीरिक वा सामान्य आणि एक सूक्ष्म असे अर्थ दाखविले. सूक्ष्म अर्थाने हे चारही शब्द एकाच वस्तूकडे बोट दाखवितात, असा त्याचा निष्कर्ष होता. आधुनिक भाष्यकारांना वारशात मिळाले ते हे भांडार, आणि त्यातील विसंगतीही.

आधुनिक पर्वाचा उंबरठा भारतात आहे. दिल्लीचे शाह वलीउल्लाह (१७०३–१७६२) यांनी ‘हुज्जतुल्लाह अल्-बालिगा’ या ग्रंथाच्या आरंभीच रूहच्या स्वरूपावर एक प्रकरण लिहिले. मर्यादेची आठवण देणारी आयत समोर असताना असे प्रकरण लिहावयाचे धाडस कसे करावे? वलीउल्लाह यांनी त्यासाठी एका पाठभेदाचा आधार घेतला. प्रचलित पाठात ‘तुम्हांला’ थोडे ज्ञान मिळाले आहे असे द्वितीय पुरुषी क्रियापद आहे. इब्न मसूद यांच्यापासून आलेल्या आणि अल्-आमश यांनी जतन केलेल्या पाठात ते तृतीय पुरुषी, ‘त्यांना’ थोडे मिळाले आहे, असे आहे. तेव्हा मर्यादा प्रश्न विचारणाऱ्यांची आहे, सर्व मानवजातीची नव्हे, असा युक्तिवाद वलीउल्लाह करतात. त्याला ते एक व्यापक तत्त्व जोडतात: धर्मग्रंथ ज्याविषयी मौन पाळतो ते जाणणे अशक्यच असते असे नाही, पुष्कळदा विषय सर्वसामान्यांच्या आवाक्यापलीकडचा असतो म्हणून मौन पाळलेले असते. एका सर्वनामाच्या आधारे केवढे दार उघडले गेले!

त्या दारातून वलीउल्लाह स्वतः फार दूरवर गेले. शरीरातील रसांपासून हृदयात एक सूक्ष्म बाष्प तयार होते; संवेदना, हालचाल व पोषण या शक्ती त्याच्या आश्रयाने राहतात. वैद्याला औषधाने त्यावर परिणाम घडविता येतो. पण खरी रूह ही नव्हे. हे बाष्प म्हणजे तिचे वाहन होय. प्रमाण म्हणून ते अगदी घरगुती उदाहरण देतात. मूल वाढते, तरुण होते, म्हातारे होते. त्याच्या शरीरातील द्रव्ये बदलतात, गुण बदलतात, अज्ञानाचे ज्ञान होते. तरी मनुष्य तोच राहतो. हे जे ‘तोच’ राहणे, त्याचा आधार बदलणाऱ्या वस्तूंत सापडणार नाही. बाष्पाचे वैद्यक आज कोणी मानीत नाही, परंतु व्यक्तीच्या सातत्याचा हा प्रश्न आजच्या मानसशास्त्रातही तितकाच टोकदार आहे.

एकोणिसाव्या शतकातील सुधारकांनी या विषयाला तुलनेने कमी जागा दिली. सर सय्यद अहमद खान (१८१७–१८९८) यांच्या कुराणभाष्याचे प्रकाशन १८८० मध्ये सुरू झाले. ईश्वराची कृती म्हणजे निसर्ग आणि ईश्वराची उक्ती म्हणजे कुराण. या दोहोंत विरोध असणे शक्य नाही, हे त्यांचे सूत्र होते. इजिप्तमध्ये मुहंमद अब्दुह (१८४९–१९०५) यांनी आदमच्या कथेकडे रूपक म्हणून पाहण्यास मोकळीक दिली. देवदूतांनी आदमपुढे मस्तक नमविले याचा अर्थ सृष्टीतील शक्ती मानवी बुद्धीच्या सेवेस लागल्या, असा घेता येईल असे त्यांच्या भाष्यातून सूचित होते. मनुष्याचे वेगळेपण आता त्याच्या ठिकाणी असलेल्या एखाद्या गूढ द्रव्यात नव्हे, तर जाणण्याच्या आणि नाव देण्याच्या सामर्थ्यात शोधले जाऊ लागले.

विज्ञानाशी मेळ घालण्याच्या या उत्साहात काही विचित्र प्रकारही घडले. तंतावी जौहरी (मृत्यू १९४०) या इजिप्शियन पंडिताने वनस्पती, खगोल, रसायन अशा सर्व शास्त्रांची माहिती भरलेले बहुखंडी कुराणभाष्य लिहिले. गाईच्या कथेच्या संदर्भात, जिच्यात मृत मनुष्य पुन्हा जिवंत होतो, त्याला युरोपात त्या काळी गाजत असलेल्या प्रेतात्म्यांना आवाहन करण्याच्या विद्येचे बीज दिसले. ती विद्या काही वर्षांतच बदनाम झाली. त्या त्या काळच्या विज्ञानाच्या गळ्यात धर्मग्रंथ बांधला की विज्ञानाने कूस बदलताच ग्रंथाचीही ओढाताण होते, याचे हे ठळक उदाहरण होय. नंतरच्या गंभीर भाष्यकारांनी जौहरीपासून सावधपणा शिकला असे म्हणावयास हरकत नाही.

खरी झेप घेतली ती मुहंमद इक्बाल (१८७७–१९३८) यांनी. इस्लाममधील धर्मविचाराची पुनर्रचना या विषयावरील त्यांची इंग्रजी व्याख्याने मद्रास, हैदराबाद व अलीगढ येथे झाली आणि १९३० मध्ये लाहोरहून सहा व्याख्यानांचे पुस्तक निघाले. १९३४ च्या ऑक्सफर्ड आवृत्तीत सातव्याची भर पडली. त्यांतील चौथे व्याख्यान मानवी ‘स्व’, त्याचे स्वातंत्र्य आणि अमरत्व यांवर आहे. काव्यात इक्बाल यांनी ज्याला ‘खुदी’ म्हटले तोच हा ‘स्व’.

इक्बाल १७ व्या सूरेतील आयतीतून ‘अम्र’ हा शब्द उचलतात. अरबीत निर्मितीसाठी दोन शब्द आहेत, खल्क आणि अम्र, आणि कुराणात एके ठिकाणी (७:५४) दोन्ही ईश्वराकडे सोपविलेले आहेत. खल्क म्हणजे वस्तू घडविणे. अम्र म्हणजे आज्ञा, दिशा देणे. मराठी वाचकाला ‘अमीर-उमराव’ हा जोडशब्द परिचित आहे; त्यातील दोन्ही अंगे याच धातूची, आज्ञा करणाराची वाचक. रूह अम्रपैकी आहे याचा इक्बाल यांनी लावलेला अर्थ असा: ‘स्व’ ही एखाद्या जागी ठेवलेली वस्तू नव्हे, ती एक कृती आहे, दिशा असलेली ऊर्जा आहे. एखाद्या माणसाला अवकाशातील वस्तूसारखे पाहून त्याची ओळख पटणार नाही; त्याचे निर्णय, त्याची ओढ, त्याची ध्येये यांतूनच तो आकळतो. आयतीत ईश्वराचा निर्देश ‘माझा पालनकर्ता’ असा एकवचनी सर्वनामाने केला आहे, याकडेही ते लक्ष वेधतात. प्रत्येक ‘स्व’ हा एकटा, अनन्य आणि स्वतःच्या भाराचा धनी आहे हे त्या सर्वनामातून व्यक्त होते, असे त्यांना वाटते.

या अर्थनिर्णयामुळे दोन प्रतिपक्ष एकाच वेळी दूर सारले जातात. एक म्हणजे जुने धर्मशास्त्र, जे आत्म्याला अखंड व अविकारी द्रव्य मानते. अशा द्रव्याने अनुभवाचा काहीच उलगडा होत नाही, असे इक्बाल म्हणतात. रंग गुणरूपाने वस्तूवर असतो तसे अनुभव त्या द्रव्यावर चिकटलेले नसतात. दुसरा पक्ष विल्यम जेम्स यांच्यासारख्या मानसशास्त्रज्ञांचा, ज्यांना जाणीव हा विचारांचा केवळ प्रवाह वाटतो. प्रवाहातील एक थेंब गेला, दुसरा आला. मग त्यांना धरून ठेवणारे, तुलना करणारे, चुकले म्हणणारे कोण? इक्बाल यांचे उत्तर असे की ‘स्व’ त्या अनुभवांवर उभा नाही आणि त्यांच्याहून अलगही नाही. अनुभवांना दिशा देण्याच्या कृतीतच तो असतो.

आदमच्या स्वर्गच्युतीचाही अर्थ त्यामुळे पालटतो. इक्बाल यांच्या मते ती पतनाची कथा नाही. सहजप्रवृत्तीच्या अवस्थेतून संशय घेऊ शकणाऱ्या, आज्ञा मोडू शकणाऱ्या स्वतंत्र जाणिवेकडे मनुष्य चढला त्याची ती कथा आहे. आकाश, पृथ्वी व पर्वत यांनी जी ठेव स्वीकारण्यास नकार दिला आणि माणसाने उचलली (३३:७२), ती हीच स्वतंत्र व्यक्तिमत्त्वाची ठेव. येथपर्यंत पुष्कळ वाचक इक्बाल यांच्याबरोबर चालतात. त्यापुढचे पाऊल मात्र अनेकांना खटकले. अमरत्व हा मनुष्याचा जन्मसिद्ध अधिकार नाही, ते प्रयत्नाने मिळवावे लागते. ज्याचा ‘स्व’ कृतीने दृढ झाला नाही तो मृत्यूच्या धक्क्यात विघटित होऊ शकतो, असे इक्बाल सुचवितात. स्वर्ग व नरक त्यांच्या दृष्टीने स्थळे नव्हेत, अवस्था आहेत.

इक्बाल यांच्या वाचनात शब्दावर थोडा अधिक भार टाकला गेला आहे, हे मान्य करावयास हवे. अम्र म्हणजे ‘आज्ञा’ हे खरे. परंतु ‘बाब’, ‘प्रकरण’ हाही त्याचा नेहमीचा अर्थ आहे, आणि तो घेतला तर आयतीचा अर्थ ‘रूह ही माझ्या पालनकर्त्याची बाब आहे’ इतका साधा उरतो. तरीही हा केवळ इक्बाल यांचा कल्पनाविलास नव्हता. खल्क आणि अम्र ही दोन विश्वे गझाली व सूफींना परिचित होती. आणि इराणमध्ये मुहंमद हुसैन तबातबाई (मृत्यू १९८१) यांनी ‘अल्-मीजान’ या वीस खंडांच्या भाष्यात, सर्वस्वी वेगळ्या मार्गाने, अम्रवरच भर दिला. कुराणाचा अर्थ कुराणानेच लावावा ही त्यांची पद्धती. ३६ व्या सूरेच्या अखेरीस ईश्वराचा अम्र म्हणजे त्याने ‘हो’ म्हणावे आणि वस्तू व्हावी, असे सांगितले आहे. तेव्हा रूह ही काळाच्या क्रमाने, कारणांच्या साखळीने घडणारी वस्तू नसून त्या ‘हो’ या शब्दाच्या जातीची आहे, असे ते प्रतिपादतात. तबातबाई मुल्ला सद्रा (मृत्यू १६४०) यांच्या परंपरेतले. देहातून उगवणारा आणि विकासक्रमात देहातीत होत जाणारा जीव ही सद्रा यांची कल्पना मेंदू आणि जाणीव यांच्या आजच्या चर्चेतही कोणाला जुनाट वाटणार नाही.

विसाव्या शतकातील कित्येक भाष्यकारांनी मात्र या सर्व चर्चेच्या पायाखालची जमीनच काढून घेतली. अबुल आला मौदूदी यांचे ‘तफहीमुल कुरआन’ १९४२ मध्ये सुरू होऊन १९७२ मध्ये पूर्ण झाले. त्यांच्या मते १७:८५ मधील रूह म्हणजे मानवी प्राण नव्हेच. आधीच्या व नंतरच्या आयतींत विषय कुराणाचा, ईश्वरी संदेशाचा चालला आहे. मध्येच जीवशास्त्राचा प्रश्न कोठून येईल? तेव्हा प्रश्न आहे तो संदेशाविषयी व तो आणणाऱ्याविषयी. मुहंमद असद यांनीही १९८० च्या आपल्या इंग्रजी भाषांतरात येथे ‘ईश्वरी प्रेरणा’ हाच अर्थ घेतला. राजकीय मते परस्परांपासून दूर असलेल्या या दोघांचे येथे एकमत व्हावे, हे लक्षणीय आहे. संदर्भाच्या कसोटीवर त्यांची बाजू बळकट आहे यात शंका नाही. पण त्यातून असेही निष्पन्न होते की मानवी जाणिवेच्या संशोधनाला बंदी घालणारी म्हणून जी आयत शतकानुशतके पुढे केली गेली, तिचा त्या विषयाशी संबंधच नव्हता.

सय्यद कुत्ब (१९०६–१९६६) यांना हे मान्य झाले नसते. आपल्या भाष्यात त्यांनी या आयतीचा अर्थ बुद्धीला दिलेली शिस्त असा घेतला. बुद्धीने आपल्या क्षेत्रात मुक्तपणे वावरावे. पण जेथे तिची साधने पोचत नाहीत तेथे शक्ती वाया घालवू नये. रूह हे ईश्वराच्या रहस्यांपैकी एक आहे. या भाष्याचा मोठा भाग त्यांनी तुरुंगात लिहिला व तपासला, हे ध्यानात घेतले म्हणजे आखलेल्या सीमेतील स्वातंत्र्याविषयीच्या त्या ओळींना वेगळाच सूर येतो.

या वादातील सर्वांत निःशंक आवाज फझलुर रहमान (१९१९–१९८८) यांचा. त्यांची जडणघडण ध्यानात घेतल्याशिवाय त्या आवाजाचे मोल कळणार नाही. तारुण्यात त्यांनी इब्न सीनाच्या मानसशास्त्राचे इंग्रजी भाषांतर केले (१९५२), त्याच्या आत्मविषयक ग्रंथाची अरबी संहिता संपादित केली (१९५९). पोकळीत तरंगणाऱ्या त्या मनुष्याशी त्यांच्याइतका परिचय फार थोड्यांचा असेल. पुढे पाकिस्तानातील इस्लामी संशोधन संस्थेचे संचालकपद त्यांना विरोधकांच्या आंदोलनामुळे १९६८ मध्ये सोडावे लागले आणि ते अमेरिकेत शिकागो विद्यापीठात गेले. तेथे १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कुराणातील प्रमुख विषयांवरील ग्रंथात याच विद्वानाने लिहिले की देह व आत्मा यांचे मूलगामी द्वैत कुराणात नाही. ते ग्रीकांचे आहे; ते अन्य धर्मपरंपरांत आहे; मुसलमान तत्त्वज्ञांनी ते बाहेरून आणले. कुराणातील नफ्स म्हणजे जिवंत व्यक्ती, ‘स्वतः’. देहात कोंडलेला पाहुणा नव्हे. म्हणूनच कुराणातील परलोकही देहविहीन जीवांचा नाही. पुनरुत्थान होते ते सबंध माणसाचे.

मग रूह फुंकली गेली म्हणजे काय झाले? रहमान यांचे लक्ष अशा वेळी द्रव्याकडे न जाता सामर्थ्याकडे जाते. बरे-वाईट ओळखण्याची जाण नफ्समध्ये घातली आहे (९१:७-८), आणि ती जाण बोथट करण्याची मुभाही माणसाला आहे. ज्यांनी ईश्वराला विस्मृतीत टाकले त्यांना त्याने त्यांच्या स्वतःचीच विस्मृती घडविली, या आशयाच्या आयतीला (५९:१९) ते विशेष महत्त्व देतात. जाणीव ही मिळालेली मालमत्ता नाही. ती दुभंगू शकते, फसवू शकते, झोपी जाऊ शकते. तक्वा या शब्दाचा अर्थ ईश्वराचे भय असा केला जातो; रहमान यांना त्यात स्वतःचे नैतिक क्ष-किरण चित्र पाहण्याची क्षमता दिसते. सुदानचे मानसशास्त्रज्ञ मालिक बद्री यांनी मुसलमान मानसशास्त्रज्ञांच्या पेचाविषयी १९७९ मध्ये जे छोटे पुस्तक लिहिले, त्याचीही तक्रार अशीच होती की उसन्या सिद्धान्तांनी माणसातील हा स्वतःला जाब विचारणारा भागच गाळून टाकला आहे.

एवढा वेळ हा वाद पंडितांचा वाटला असेल. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो रुग्णालयात पोचला. कृत्रिम श्वसनयंत्रामुळे वैद्यकाला एक अभूतपूर्व अवस्था निर्माण करता आली: मेंदू कायमचा निकामी झालेला, पण छाती वरखाली होत आहे, हृदय चालू आहे, हात उबदार आहे. हा मनुष्य जिवंत की मृत? रूह देह सोडून गेली की मृत्यू, हे सर्वांना मान्य. पण ती गेली हे ओळखावयाचे कशावरून?

येथे एक आयत वारंवार पुढे येते. नफ्स ईश्वर मृत्यूच्या वेळी घेतो आणि जे मेलेले नाहीत त्यांचेही झोपेत घेतो. मग ज्यांचा मृत्यू ठरला आहे त्यांचे ठेवून घेतो आणि इतरांचे ठरलेल्या मुदतीपर्यंत परत पाठवितो, असे ३९:४२ सांगते. तेव्हा जाणीव हरपणे म्हणजे मृत्यू नव्हे. झोपलेला परत येतो. गाढ बेशुद्धीत वर्षानुवर्षे असलेल्या रुग्णाला मृत म्हणता येणार नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. परंतु मेंदूच्या खोडासह सर्व मेंदू नष्ट झाला तर? काही धर्मशास्त्रज्ञांनी गझालीचा आधार घेतला. मृत्यू म्हणजे देहावरील रूहच्या सत्तेचा अंत. अवयव तिची अवजारे होती, ती आता तिची उरली नाहीत. मेंदू हे त्या सत्तेचे मुख्य ठाणे असेल, तर तो गेला की सत्ता संपली. दुसऱ्यांनी विचारले: एकेका अवयवात अजूनही जीवनक्रिया चालू असता रूह गेली असे कशाच्या बळावर म्हणावे? जिच्याविषयी माणसाला अल्प ज्ञान दिले आहे तिच्या प्रस्थानाची वेळ एखाद्या यंत्राच्या आलेखावरून ठरवावी काय? संशय असेल तेथे आधीची निश्चित अवस्था, म्हणजे जीवनच, गृहीत धरावे, असा न्यायशास्त्राचा नियम त्यांनी पुढे केला.

गर्भाच्या बाबतीत हाच प्रश्न उलट्या दिशेने उभा होता. प्रसिद्ध हदीसच्या प्रचलित अर्थानुसार चाळीस-चाळीस दिवसांच्या तीन अवस्थांनंतर, म्हणजे १२० दिवसांनी, रूह फुंकली जाते. कुराणात गर्भाच्या टप्प्यांचे वर्णन ‘एक वेगळीच निर्मिती’ या अवस्थेशी थांबते (२३:१२-१४). त्याआधीही हालचाल व वाढ असतेच. पण तो अद्याप मानवी जीव नव्हे, असे अनेक जुने शास्त्रकार म्हणत. यावरून काहींनी तर्क केला की आरंभी जर केवळ जैविक हालचाल आणि मानवी जीवन यांत भेद करता येतो, तर अंतीही तो करता यावा. १९८५ मध्ये कुवेतमध्ये वैद्य व धर्मपंडित एकत्र बसले ते मानवी जीवनाचा आरंभ आणि अंत या जोडविषयासाठीच.

पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९८६ मध्ये, आंतरराष्ट्रीय इस्लामी न्यायशास्त्र परिषदेने जॉर्डनची राजधानी अम्मान येथे निर्णय दिला: हृदय व श्वसन कायमचे थांबले, किंवा मेंदूची सर्व कार्ये कायमची थांबून त्याचे विघटन सुरू झाले असे तज्ज्ञ वैद्यांनी ठरविले, तर दोन्ही परिस्थितींत मृत्यू झाला असे मानावे, हृदयासारखा अवयव यंत्रामुळे चालू असला तरी यंत्र काढण्यास हरकत नाही. १९८७ मध्ये मक्केतील दुसऱ्या परिषदेने यंत्र काढण्याची अनुज्ञा दिली, पण एक पाऊल अलीकडेच थांबून. यंत्र काढल्यानंतर हृदय व श्वास प्रत्यक्ष थांबेपर्यंत धर्मशास्त्राच्या दृष्टीने तो मनुष्य मृत नव्हे. वारसाहक्क आणि विधवेची इद्दत त्या क्षणापासून मोजावयाची. दोन्ही परिषदांपुढे वैद्यकीय माहिती जवळपास एकच होती, आणि रूहसंबंधीची आयतही एकच. भारतात १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने मेंदूच्या खोडाचा मृत्यू अवयवदानापुरता ग्राह्य धरला, आणि तेव्हापासून अतिदक्षता विभागाबाहेर बसलेली मुसलमान कुटुंबे संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी आपल्या विश्वासातील आलिमला हाच प्रश्न विचारीत आली आहेत. काहींना अम्मानचे उत्तर मिळते, काहींना मक्केचे.